पौर्णिमेचा मालपुआ

नोकरीच्या मुलाखतीला ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, सकाळी काय खाल्लंस? मी तेव्हा लग्न होऊन सांगलीहून भोपाळला नवीनच आले होते. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, माझ्याकडे आहारशास्त्राची पदवी आणि दिवसभर रिकामा वेळ. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, वाटीभर ओट्स, साय काढलेलं दूध आणि एक सफरचंद. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावरून वाकल्या, माझ्या ओढणीचं टोक उचलून नाकाजवळ नेलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जिलेबी. पोह्यांसोबत घेतली, की अलग से?"

मी म्हटलं, सोबत.

"ठीक. उद्यापासून ये. जिला स्वतःला खोटं बोलता येतं, तिलाच पेशंटचं लवकर समजतं."

भोपाळमधल्या हृदयविकारांच्या एका खाजगी हॉस्पिटलात त्या मुख्य आहारतज्ज्ञ होत्या. सगळं हॉस्पिटल त्यांना दीदी म्हणे. मराठी आम्ही दोघीच, म्हणून मी ताई म्हणू लागले. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा त्यांचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठीही नागपुरातून त्याच गाडीने निघाली असावी आणि इटारसीच्या आसपास हिंदीत मिसळली असावी. "पेशंटला पूछत नको बसू, त्याच्याशी गप्पा ठोक," असं त्या मला सांगत, आणि मी हसले की विचारत, "काहून हसतेस?"

उंच, धिप्पाड बाई. स्टार्च केलेली सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. कारण त्यांच्या मते आहारतज्ज्ञाला पळावं लागतं. तक्ता लिहून देणं हे कारकुनी काम, ते कुणीही करेल. खरं काम त्यानंतरचं, तो माणूस काय खातो ते बघायचं. त्यासाठी त्यांच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक स्टीलचा चमचा असे. वॉर्डात घरून डबा आला की त्या कुठून तरी प्रकट होत, झाकण उघडत आणि चमचा चालवत. एकच चमचा वरण तोंडात घेऊन डोळे मिटायच्या. सगळे नातेवाईक श्वास रोखून उभे. मग निकाल लागे. "मीठ कमी आहे, शाबास. पण फोडणी दोनदा दिली. एकदा सुनेनं आणि एकदा सासूनं." सासू-सून एकमेकींकडे बघत राहत, आणि पुढचं भांडण त्यांच्या घरी जाऊन होई.

पेशंटला त्या "काय खाल्लं" असं कधीच विचारत नसत. त्या विचारत, काल घरी कोण आलं होतं. पाहुणा आला म्हणजे समोसा आला. मेहुणा आला म्हणजे त्याहून भारी काही आलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तर त्या नुसत्या "भाऊबीजेला किती बहिणी?" एवढंच विचारून पेशंटचं वजन अदमासाने सांगत आणि मग काट्यावर उभं करत. काटा सहसा त्यांच्या बाजूने बोले.

हे शहर त्यांना खूप आवडे आणि याच शहराने त्यांना छळलं होतं. जुन्या भोपाळात चहातही चिमूटभर मीठ टाकतात. ताई म्हणत, "सांग मला, जे लोक चहा खारा पितात त्यांच्या बीपीचा मी काय हिसाब ठेवू?" सकाळी कामावर येताना त्या मुद्दाम पोह्यांच्या गाड्यांवरून स्कूटर घालत. भोपाळच्या सगळ्या स्कूटरवाल्या बायकांसारखा डोक्या-तोंडाला ओढणीचं कापडी शिरस्त्राण बांधलेलं, फक्त डोळे दिसायचे. गाडीपाशी एखादा ओळखीचा बायपासवाला मूठभर शेव घातलेली प्लेट हातात घेऊन उभा असला, की त्या स्कूटर शेजारी लावून नुसत्या उभ्या राहत. काही बोलत नसत. थोड्या वेळाने त्या माणसाला ते डोळे ओळखीचे वाटू लागत. एका निवृत्त तहसीलदारांनी त्या डोळ्यांकडे बघत हातातली प्लेट शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, आपके लिए ही लिया था.

मंडीदीपच्या एका कारखान्यातला फिटर आमचा पेशंट होता. बायको बिचारी साधी पोळी-भाजी देई आणि हा जेवणाच्या सुट्टीत डब्यांची अदलाबदल करी. ताई एक दिवस त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जाऊन खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि त्याच्या साथीदारांना म्हणाल्या की याचं हृदय आता तुमच्या ताब्यात देते. साथीदारांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या तपासणीला फिटर रडकुंडीला आला होता. चहाबरोबर बिस्किट उचललं तरी टेबलावरचे चौघे हात धरतात, म्हणाला. एकाने तर त्याच्या घरी फोन करून रविवारी काय शिजलं ते विचारलं होतं. ताईंनी त्याचा रिपोर्ट पाहिला, खूश झाल्या आणि त्याला आठवड्याला दोन बिस्किटं मंजूर केली. ती मंजुरी त्यांनी कॅन्टीनच्या फोनवर कळवली, कारण त्याच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग करोंदचे सेठजी आले.

सेठजींचं करोंदच्या मंडीत धान्याचं मोठं काम. पन्नाशीचे, गोल, अतिशय नम्र. बायपास आमच्याकडेच झाली होती. घरी गेले, महिने लोटले, आणि दर तपासणीला वजन वाढलेलं, कोलेस्टेरॉल वाढलेलं. आमचे डॉक्टर एकदा त्यांच्यासमोरच ताईंना म्हणाले, पुन्हा नळी बंद झाली तर माझ्या हातात फार काही राहणार नाही, बघा. सेठजींनी हात जोडले. त्यांची बायको, जिला आम्ही भाभीजी म्हणायचो, ती तर रडलीच. देवाची शपथ घेऊन म्हणाली, दुधी, मूग आणि कोरडी पोळी याशिवाय मी यांना काही दिलेलं नाही.

ताईंना तो स्वतःचाच अपमान वाटला. दुसऱ्याच दिवशी मला मागे बसवून त्या करोंदला गेल्या. भाभीजींच्या स्वयंपाकघरात चमचा चालला. सगळं निर्दोष. तेवढ्यात मंडीतून सेठजी घरी आले, पण पुढच्या दाराने नाही. मागच्या अंगणातून आले, तिथल्या एका खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने मिशा पुसत बाहेर पडले. आम्हाला बघून दचकले. अम्मांच्या पाया पडायला गेलो होतो, म्हणाले. ताई पुढे झाल्या आणि त्यांनी हवेत दोनदा हुंगलं.

"बडीशेप," त्या मला मराठीत म्हणाल्या. "साजूक तूप. पाक. मालपुआ आहे ग."

अम्माजी, म्हणजे सेठजींच्या आई, ऐंशीच्या पुढच्या होत्या. हडकुळ्या, ठेंगण्या, पांढरं लुगडं. खोलीत त्यांची स्वतःची गॅसची शेगडी, स्वतःची कढई आणि तुपाचा डबा. त्यांनी काहीच लपवलं नाही. ताईंना खाटेवर बसवून त्या सरळ म्हणाल्या, "तुम लोगों ने काटा है, मैं भर रही हूँ."

ताई त्यांना समजावायला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातलं प्लास्टिकचं हृदय घेऊन गेल्या. रक्तवाहिन्या उघडून दाखवल्या, तूप कुठे जाऊन बसतं ते दाखवलं. अम्माजींनी ते हृदय हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की हे माझ्या मुलाचं का. ताई म्हणाल्या, एवढंच असतं सगळ्यांचं. अम्माजींचा चेहरा उतरला. "इत्ता सा? तभी तो कमज़ोर है," असं म्हणून त्या उठल्या आणि पिठात आणखी साखर घातली.

परत आल्यावर हॉस्पिटलच्या फाटकाशी स्कूटर थांबवून ताई म्हणाल्या, "त्या बाईला थांबवता येणार नाही. पण मालपुआ थांबवता येतो."

म्हणजे कसा ते दुसऱ्या दिवशी कळलं. सेठजी मंडीतून परतायच्या आधी ताई अम्माजींच्या खोलीत हजर झाल्या, खाटेवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, अम्मा, भूख लगी है. भुकेल्या माणसाला नाही म्हणणं अम्माजींना जन्मात जमलेलं नव्हतं. कढईतला पहिला घाणा ताईंच्या ताटात पडला. दुसराही पडला. सेठजी आले तेव्हा अंगणात नुसता तुपाचा वास होता आणि त्यांची आहारतज्ज्ञ बोटं चाटत होती.

रोज एकटीने एवढं खाणं कुणालाच झेपलं नसतं. म्हणून मग मला नेऊ लागल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, हा नोकरीचा भाग आहे. पण अम्माजींना दोन पाहुण्या मिळाल्यावर त्यांनी पीठ दुप्पट भिजवलं. मग ताईंनी फिजिओथेरपीवाल्याला आणलं. पीठ आणखी वाढलं. मग ईसीजी काढणारा आला. तो मुलगा हॉस्टेलवर राहणारा, तो इतका जेवला की अम्माजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर हॉस्पिटलात करोंदला जाण्यासाठी ओळखी लावल्या जाऊ लागल्या. रक्त तपासणीवाली मला येऊन हळूच विचारून गेली की गुरुवारी एखादी जागा आहे का. भूलतज्ज्ञ, जे कधी कुणाशी बोलत नसत, तेही एकदा आपल्या गाडीने आले, गुपचूप तीन मालपुवे खाल्ले आणि आले तसे निघून गेले.

सेठजी मागच्या दाराने येत आणि आम्हा सगळ्यांची तुपकट तोंडं बघून दारातच उभे राहत. त्यांना बोलता काही येईना, कारण बोलले तर स्वतःच मालपुआ मागितल्यासारखं झालं असतं. एकदा फक्त ताईंना अगदी नम्रपणे म्हणाले, "दीदी, बीमार मैं हूँ न?" ताईंनी तोंडातला घास संपवला आणि मान डोलावली.

अम्माजी मात्र फुलल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या खोलीत इतकी वर्दळ कधी झाली नव्हती. त्या लवकर उठून बडीशेप निवडत, केशर भिजवत, कोण किती खातं ते लक्षात ठेवत. सेठजींचं वजन उतरू लागलं. ताईंचं चढलं. दोन साड्यांचे ब्लाउज उसवले, आणि जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबून खिडकीतून तलावाकडे बघत असल्याचं नाटक करू लागल्या. त्या खिडकीतून तलाव दिसत नसे. मी म्हटलं, ताई, तुमचीही रक्ततपासणी करू या. म्हणाल्या, लढाईच्या वेळी कुणी वजन करतं का.

आणि मग एका दुपारी सेठजींना छातीत कळ येऊन आणलं.

भाभीजी सांगत होती, अम्मांनी देवापुढच्या ताटात मालपुवे ठेवायला सुरुवात केली होती. देवाचा नैवेद्य पाहुण्यांना कसा द्यायचा, म्हणून तो बाजूला राही आणि आम्ही गेल्यावर प्रसाद म्हणून मुलाच्या पोटात जाई. डॉक्टरांनी ताईंना सांगितलं की हे एका मालपुव्याचं काम नव्हे, नळी आधीपासूनच अरुंद होत होती. ताईंनी ऐकून घेतलं आणि तशाच ताडताड बाहेर आल्या. बाकावर अम्माजी बसल्या होत्या. पदराखाली काही तरी धरलेलं होतं. ताईंना वासानेच कळलं. मी त्यांच्या मागे होते, आणि खरं सांगते, मला अम्माजींची काळजी वाटली. ताई रागावल्या की भिंतीवरची घड्याळंही थांबल्यासारखी वाटत.

पण बोलल्या अम्माजीच. ताईंकडे न बघता, सावकाश. सेठजींचे वडील असेच एका हॉस्पिटलात होते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. त्यांनी मालपुआ मागितला. अम्माजींनी तो करून गरमागरम नेला, तर दारावरच्या माणसाने आत जाऊ दिलं नाही, ऑपरेशनच्या आधी काही चालत नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं, त्या म्हणाल्या. ऑपरेशन झालं आणि ते परत आले नाहीत. डबा अम्माजींच्या मांडीवर तसाच राहिला होता.

"भूखे गए," अम्माजी म्हणाल्या. "यह भी भूखा न जाए."

ताई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी पदराखालचा तो डबा घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले, स्टेंट नीट बसला आहे, भेटू शकता, म्हणाले. अम्माजी उठून आत गेल्या. ताई डबा धरून तशाच बसून होत्या. मला म्हणाल्या, "आपण सगळ्यांना नाही म्हणायला शिकतो. हो कसं म्हणायचं ते कुठंच शिकवत नाहीत ग."

सेठजींना घरी सोडताना त्यांच्या आहाराचा जो तक्ता ताईंनी बनवला, त्यात दुधी होता, मूग होता, कोरडी पोळी होती, आणि सगळ्यात खाली ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं की दर पौर्णिमेला मालपुआ, नग एक, आईच्या हातचा, देखरेखीखाली. डॉक्टरांनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. देखरेख कोण करणार, त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, मी. डॉक्टरांनी सही केली.

अट अशी होती की बाकीच्या दिवशी अम्माजींच्या कढईतलं काही मुलाच्या तोंडात जायचं नाही, देवाच्या नावानेही नाही. अम्माजींनी खूप विचार केला आणि कबूल केलं. एक तर एक, म्हणाल्या. पहिल्या पौर्णिमेला आम्ही गेलो तेव्हा ताटात एकच मालपुआ होता. पण तो ताटाएवढा होता. कडा ताटाच्या बाहेर लोंबत होत्या. ताईंनी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, मग अम्माजींकडे पाहिलं. अम्माजी म्हणाल्या की कागदावर नग लिहिलं आहे, माप कुठे लिहिलं आहे. ताई हसायला लागल्या आणि इतक्या हसल्या की खाटेवर बसल्या, आणि खाट करकरली तशा अम्माजीही हसायला लागल्या. शेवटी ताईंनी फळीवरची एक वाटी काढून तिच्या मापाने मालपुआ कापून घेतला. उरलेला आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ला.

त्यानंतर पौर्णिमा हा सणच झाला. ताई बीपीचं यंत्र घेऊन जात. आधी एकदा बीपी, मग मालपुआ, मग थोडं थांबून पुन्हा बीपी. सेठजी आंघोळ करून, स्वच्छ कुर्ता घालून बसत. तो वाटीएवढा मालपुआ ते इतका सावकाश खात की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस ध्यानाला बसला आहे. मंडीतले लोक त्या दिवशी त्यांना भाव विचारायला जात नसत. बाकीचा महिना ते दुधी आणि मुगावर काढत आणि एक शब्द बोलत नसत, कारण पुढच्या पौर्णिमेला किती दिवस आहेत ते घरात सगळ्यांना माहीत असे. अम्माजी आधीच्या आठवड्यापासून तयारीला लागत. सेठजींचे रिपोर्ट सुधारत गेले. डॉक्टर आता दुसऱ्या पेशंटांनाही विचारतात की घरात आई आहे का.

मागच्या वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे पुण्याला गेल्या. लेक त्यांची मराठी सुधारते आहे असं त्या फोनवर सांगतात. "आता मी पूछत नाही, विचारते," म्हणतात. वजनही बरंच उतरवलं आहे. पौर्णिमेचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या पौर्णिमेला मी यंत्र घेऊन अम्माजींच्या खोलीत पोचले तोच ताईंचा व्हिडिओ कॉल आला. फोन कढईकडे धर, म्हणाल्या. तूप नीट निथळू दे. वाटी तीच आहे ना, की अम्माने मोठी आणली? मी वाटी दाखवली. सेठजींनी कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि खायला सुरुवात केली. ताई तिकडे पुण्यात शेवटच्या घासापर्यंत बघत राहिल्या. मी बीपी सांगितलं, त्यांनी मान हलवली.

मग अम्माजींनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना तो कसा धरायचा ते कळत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी ताट धरावं तसा धरला. बराच वेळ बघून म्हणाल्या, दुबली हो गई. ताई म्हणाल्या, मैं ठीक हूँ अम्मा. अम्माजींनी ते ऐकलं नसावं किंवा मनावर घेतलं नसावं. त्यांनी कढईतला एक मालपुआ काढला, फुंकर घालून निववला, एक तुकडा तोडला आणि फोनच्या काचेला लावला.

"मुँह खोल, बिटिया."

मी ताईंना ओळखते. त्यांनी काही तरी म्हणायला ओठ हलवले, मग थांबल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं. काचेवर तूप पसरलं, चित्र धूसर झालं, आणि त्या तुपाच्या पलीकडे ताई सावकाश, अगदी नीट, चावत राहिल्या.